प्रत्येक मुलाचं नाव पुकारा

डिसेंबर लागला की गावोगावच्या प्राथमिक शाळांत लगबग सुरू होते. कपाटातले लेझीम बाहेर निघतात, मधल्या सुट्टीनंतर नाचाच्या तालमी रंगतात, मंडपवाल्याला आणि साउंडवाल्याला फोन जातात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, त्यानंतर स्नेहसंमेलन आणि २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की बक्षीस वाटप. वर्षभर शाळेच्या फाटकासमोरून नुसते ये-जा करणारे आपण या महिना-दीड महिन्यात मात्र आत जातो, खुर्चीवर बसतो आणि टाळ्या वाजवतो. हे दिवस मोलाचे आहेत. म्हणूनच ते हातचे जाऊ नयेत, यासाठी पालकांना, गावकऱ्यांना, तरुण मंडळांना आणि शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती करायची आहे.

विनंती अशी : यंदाच्या कार्यक्रमात शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव गावासमोर पुकारलं जाऊ द्या, आणि नावासोबत त्यानं वर्षभरात काय मिळवलं तेही सांगितलं जाऊ द्या. ज्या मुलांसाठी आपण टाळ्या वाजवू, त्यांच्या शाळेच्या पाठीशी उरलेलं वर्षभर उभं राहू.

कौतुक कोणाचं?

बक्षीस समारंभात साधारणपणे कोणाची नावं येतात, हे आपल्याला माहीत आहे. वर्गात पहिले तीन, शिष्यवृत्तीच्या यादीत आलेली मुलं, नवोदयला निवड झालेला एखादा विद्यार्थी, केंद्र किंवा तालुका पातळीवर धावण्यात, कबड्डीत, वक्तृत्वात नंबर काढणारी मुलं. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. शिष्यवृत्तीचं पोर सुट्टीच्या दिवशीही सराव प्रश्नपत्रिका सोडवत बसतं. त्याच्या बाई किंवा गुरुजी जादा तास घेतात, तेही अनेकदा स्वतःहून. त्या मेहनतीला मान मिळाला पाहिजे.

पण साठ पटाच्या शाळेत या यादीत येणारी मुलं सात-आठ असतात आणि बहुतेक दर वर्षी तीच असतात. उरलेली मुलं शाळेतली सगळी वर्षं समोर बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवतात. आपण काही कमावलं आहे, असं त्यांना गावाकडून एकदाही ऐकायला मिळत नाही. खरं तर त्यांनीही खूप काही कमावलेलं असतं.

बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवरचं मूल डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास आई-वडील ऊसतोडीला निघून जातात. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतं आणि आई-बाप नजरेसमोर नसताना पाच-सहा महिने रोज शाळेत येतं. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा मराठी त्याच्यासाठी परकी भाषा असते. तेच मूल तिसरीत मराठी धडा अडखळत का होईना, पण स्वतः वाचतं, म्हणजे दोन-अडीच वर्षांत ते एक नवी भाषा शिकलेलं असतं. बोलताना अडखळणारी एक मुलगी वर्षभर गप्प बसते आणि एके दिवशी परिपाठात सुविचार सांगायला पुढे येते. एक मुलगा धाकट्या भावाला अंगणवाडीत पोचवून मग शाळा गाठतो आणि तरीही प्रार्थनेला वेळेवर हजर असतो. या मुलांच्या नावानं कुठली स्पर्धा भरत नाही, ढाल मिळत नाही. त्यांनी चढलेला घाट मात्र पहिल्या आलेल्या मुलापेक्षा कमी उंच नसतो.

हे गावाला कळणार कसं? त्याची सोय शाळेत आधीच आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये सुरू झालं तेव्हापासून आपले शिक्षक प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवत आले आहेत. ‘चित्रांवरून गोष्ट रचून सांगतो’, ‘हातच्याची वजाबाकी आता न चुकता करते’, ‘गटात काम करताना इतरांना मदत करतो’ अशी वाक्यं त्या नोंदवहीत असतात. ती नोंदवहीतच राहतात आणि वर्ष संपलं की कपाटात जातात. त्यातलं एक-एक वाक्य त्या दिवशी माईकवर येऊ द्या. साठ मुलांना अर्धा-अर्धा मिनिट दिला तर अर्धा तास लागतो. तेवढा वेळ तर आपला एकेका पाहुण्याच्या सत्काराला जातो. पट मोठा असेल तर इयत्तेनुसार वेगवेगळे दिवस ठरवा, किंवा पालकसभेत हे करा. एकही मूल वगळायचं नाही, एवढं मात्र पाळा.

शिक्षकांना यात एक विनंती. वाक्य खरं असावं. सगळ्यांना सरसकट ‘हुशार आणि गुणी विद्यार्थी’ म्हटलं, तर ते कोणासाठीच नाही हे मुलांना लगेच कळतं. मूल काय शिकलं आणि त्यासाठी त्यानं काय केलं, तेवढं सांगावं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्या मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं गेलं, ती पुढे अवघड कामाला बिचकली आणि अपयश आल्यावर लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं, ती अवघड काम हातात घ्यायला तयार झाली. आपल्या घरातही हे करून पाहण्यासारखं आहे. ‘माझी पोरगी फार हुशार’ असं पाहुण्यांना सांगण्याऐवजी ‘सातचा पाढा चुकत होता, तिनं रोज म्हणून म्हणून पक्का केला’ असं सांगा. हे ऐकून पोरगी आठचा पाढा घेऊन बसेल.

आणखी एक पथ्य पाळायला हवं. मुलाचं कौतुक करताना त्याच्या घरचं दारिद्र्य, वडिलांचं व्यसन, आईचं एकटेपण यांचा उल्लेख माईकवर नको. बोलणाऱ्याला वाटतं, अशानं मुलाची जिद्द उठून दिसेल. मूल मात्र मान खाली घालतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला चिडवलं जातं. मुलानं काय केलं ते सांगा. घरात काय चाललं आहे, ते त्या घराजवळच राहू द्या.

कार्यक्रम मुलांचा असू द्या

स्नेहसंमेलनाची वेळ संध्याकाळी सहाची असते. पाहुणे साडेसातला येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि हार. त्यानंतर मनोगतं. पहिला नाच सुरू होतो तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. पावडर-लाली लावून, पातळ चमकदार कपडे घालून पहिली-दुसरीची मुलं जानेवारीच्या थंडीत तीन तास पडद्यामागे बसलेली असतात आणि काही तिथेच झोपून जातात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून शेवटचे कार्यक्रम घाईघाईत उरकले जातात. ते बहुधा लहान मुलांचे असतात किंवा कमी ‘जोरदार’ वाटणारे असतात.

हे बदलणं आपल्याच हातात आहे. आधी मुलांचे कार्यक्रम, मग मोठ्यांची भाषणं, असा क्रम ठेवा. सत्कार एकच आणि सामुदायिक करा. हारतुऱ्यांऐवजी प्रत्येक पाहुण्याच्या हस्ते शाळेच्या वाचनालयाला एक पुस्तक द्या. सरपंच, पदाधिकारी आणि केंद्रप्रमुख यांनाही हाच आग्रह करावा. मनापासून विनंती केली तर बहुतेक जण आनंदानं तयार होतात. सूत्रसंचालन चौथी-पाचवीच्या मुलांकडे द्या. ती अडखळतील, एखादं नाव चुकवतील. शिकणं म्हणजे तेच, आणि ते पाहायलाच आपण जमलेलो असतो.

खर्चाचाही विचार करा. भाड्याचे कपडे, मेकअप, दागिने यांचे पैसे मोलमजुरी करणाऱ्या घराला जड जातात. ‘मला नाचायचं नाही’ असं म्हणणाऱ्या मुलामागे पुष्कळदा हे न बोललेलं कारण असतं. घरच्या कपड्यांवर होतील असे कार्यक्रम निवडा, किंवा सगळ्यांचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीनं उचलावा. पैसे नाहीत म्हणून एकही मूल नाचातून बाहेर राहिलं, तर तो कार्यक्रम आपल्या शाळेचा म्हणता येणार नाही.

निवडही आपल्या मातीतली असू द्या. पालघरकडच्या मुलांना तारपा येतो, सिंधुदुर्गात दशावतार आहे, गडचिरोली-भंडाऱ्याकडे झाडीपट्टीचं नाटक आहे. प्रत्येक गावात जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एखादी आजी अजून आहे. मुलांनी तिच्याकडे जाऊन ओव्या लिहून घ्याव्यात, पाठ कराव्यात आणि तिला पहिल्या रांगेत बसवून म्हणून दाखवाव्यात. कधी शाळेत न गेलेल्या त्या आजीलाही त्या दिवशी शाळा आपली वाटेल.

गावाच्या हातानं उभी राहिलेली शिकवण

महाराष्ट्रात शाळा आणि समाज यांचं नातं जुनं आहे, आणि ते कष्टानं जोडलेलं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे काही वर्षांतच त्यांच्या शाळांतल्या मुलींची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा ती पाहायला मोठा जमाव लोटला होता. मुलीनं शिकणं हेच जिथे पाप मानलं जाई, तिथे मुलींचं शिक्षण चारचौघांत दाखवणं किती धैर्याचं होतं, याचा विचार करा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठरवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. घरोघरच्या बायकांनी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहाला द्यायचं, असा मुष्टिफंड त्यांनी उभा केला. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. आज रयतच्या शाळांतून शिकलेली माणसं महाराष्ट्रभर आहेत. त्यांच्या शिकण्यात अशा अनेक अनाम घरांची मूठ आहे.

ही परंपरा संपलेली नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं, साडेआठपर्यंत. पैशांची मोठी वर्गणी त्याला लागली नाही. लागला तो गावाचा एकमुखी निर्णय, आणि मोठ्यांनी स्वतःची मालिका बाजूला ठेवण्याची तयारी. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांमधला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथे मुलं एकमेकांची विषयमित्र होऊन शिकतात आणि गाव शाळेच्या सोबत असतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, तेव्हा त्यांनी दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांमध्ये वाटली. जिंकणं म्हणजे बाकीच्यांना मागे टाकणं नव्हे, हे त्यांनी करून दाखवलं. आपल्या मुलांच्या बक्षीस समारंभातही हाच भाव असायला हवा.

देणगी कशी द्यावी

शाळेला मदत करण्याची इच्छा पुष्कळांना असते. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आई-वडिलांचं पुण्यस्मरण, नोकरी लागल्याचा आनंद, अशा निमित्तानं लोक शैक्षणिक उठावाला हातभार लावतात. ही चांगली रीत आहे. ती अधिक उपयोगी व्हावी म्हणून काही गोष्टी सांगतो.

द्यायच्या आधी शाळेत जाऊन विचारा. आपल्या मनानं टीव्ही नेऊन दिला आणि शाळेचं वीजबिल थकलेलं असलं, तर टीव्ही धूळ खात पडतो. शाळेला कदाचित पाण्याच्या टाकीची दुरुस्ती हवी असेल, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी हवी असेल, पहिलीच्या वर्गासाठी मोठ्या अक्षरांची पन्नास गोष्टींची पुस्तकं हवी असतील. फलकावर नाव लागेल अशी ही कामं नाहीत, पण मुलांचा रोजचा दिवस त्यांच्यावर अवलंबून असतो.

पैसे दिले तर पावती घ्या. ते शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा व्हावेत आणि जमा-खर्च शाळेच्या फलकावर सगळ्यांना वाचता यावा. हिशोब उघडा असला की पुढच्या वर्षी दहा हात जास्त येतात.

वह्या, दप्तरं, स्वेटर द्यायचे असतील तर ते शाळेकडे सोपवा आणि मुलांना देण्याचं काम शिक्षकांवर सोडा. मुलाच्या हातात वही ठेवून फोटो काढू नका, तो गटावर टाकू नका. आज पाच वर्षांचं असलेलं ते मूल उद्या पंधरा वर्षांचं होणार आहे. मदत घेताना काढलेला फोटो त्याच्यासोबत राहू नये.

वाढदिवसाच्या फ्लेक्सला जाणाऱ्या पैशांत शाळेत तिथीभोजन देता येतं. पोषण आहारात तशी सोय आहे. त्या दिवशी मुलांना नेहमीच्या भातासोबत एखादं फळ, गोड पदार्थ किंवा उसळ जास्त मिळते. आपण त्यांच्या पंगतीला बसावं, त्यांच्याशी बोलावं.

ज्यांच्याकडे पैसा नाही, त्यांच्याकडे हात आणि वेळ आहे. गवंडीदादा पडकी पायरी बांधून देऊ शकतात. शेतकरी परसबागेला शेणखत आणि मेथी-पालकाचं बी देऊ शकतात. शिंपीकाका संमेलनाचे कपडे शिवून देऊ शकतात. शिकलेली सून आठवड्यातून एक तास मुलांना गोष्ट वाचून दाखवू शकते. शहरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी आल्यावर एक दिवस शाळेत घालवावा आणि आपण काय काम करतो ते मुलांना सांगावं. नर्स, वायरमन, पोलीस, बँकेतली नोकरी, ट्रक चालवणं, सगळंच सांगण्यासारखं आहे. शहरातल्या महापालिकेच्या मराठी शाळांनाही हेच लागू आहे. शेजारच्या सोसायटीतल्या निवृत्त माणसांनी आठवड्यातून दोनदा वाचनाचा तास घेतला, तर त्या शाळेत जाणाऱ्या मुलांना एक नवं आजोळ मिळेल.

समितीत बसा, बोला

साथ देण्याचा सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं ती पालकांच्या हातात दिली आहे. समितीत पाऊण भाग सदस्य पालकच असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधून निवडायचा असतो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार या समितीचा आहे.

कागदावर हे सगळं बहुतेक ठिकाणी असतं. प्रत्यक्षात इतिवृत्ताची वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. ताई, तुमच्या घरी वही आली तर सही करण्याआधी सभा केव्हा आहे ते विचारा आणि सभेला जा. तिथे मोठे प्रश्न मांडायची गरज नाही. प्यायला पाणी रोज येतं का? मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार लागतं का? शिजलेला आहार वाढण्याआधी कोण चाखतं आणि चव नोंदवहीत कोण लिहितं? दुसरीतली किती मुलं न अडखळता वाचतात, आणि जी वाचत नाहीत त्यांच्यासाठी काय ठरवलं आहे? दर महिन्याला हेच चार प्रश्न विचारले गेले तरी शाळा बदलू लागते. शिक्षकांवर वचक बसवण्यासाठी हे प्रश्न नाहीत. चांगल्या शिक्षकाला अशा पालकांची फार गरज असते, कारण वर पाठवलेल्या मागणीमागे गाव उभं आहे हे तो दाखवू शकतो.

लोकसहभागामुळे सरकारची जबाबदारी संपत नाही, हेही ठामपणे लक्षात ठेवू या. खोल्या, शिक्षक, पाठ्यपुस्तकं आणि आहार हा आपल्या मुलांचा हक्क आहे. रिकामी जागा भरली जात नसेल, छत गळत असेल, तर वर्गणी गोळा करून गप्प बसू नका. तो विषय ग्रामसभेत मांडा, ठराव करा, पंचायत समितीकडे पाठपुरावा करा. वर्गणीनं शाळेची शोभा वाढावी, पण तिचा पाया सरकारनंच भरला पाहिजे.

यंदा एवढं कराच

तर मंडळी, या आठवड्यात तीन कामं करा. पहिलं, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि प्रत्येक मुलाचं नाव पुकारण्याचा आग्रह धरा. त्यासाठी कार्यक्रमात अर्धा तास राखून ठेवायला सांगा आणि तयारीला स्वतः मदत करा. दुसरं, २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत शाळेचा विषय घालून घ्या. तिसरं, वर्षभर निभावेल असं एक काम निवडा, लहान असलं तरी चालेल, आणि ते कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करा : ‘दर शनिवारी मी वाचनाचा तास घेईन’, ‘टाकीची स्वच्छता आमचं मंडळ करील’, ‘समितीची एकही सभा मी चुकवणार नाही’. मुलांची कामगिरी जशी माईकवर सांगितली जाईल, तशीच आपली वचनंही माईकवर सांगितली जावीत आणि शाळेच्या फलकावर लिहिली जावीत. पुढच्या वर्षीच्या संमेलनात मुलांच्या प्रगतीबरोबर या वचनांचाही हिशोब वाचून दाखवू या. मुलांकडून आपण ज्या चिकाटीची अपेक्षा करतो, ती आधी आपण दाखवू.